तुमची पट्टी कुठली?

फोंड्याच्या बाजूच्या देवळांत मी भजनाला पेटी वाजवतो. नवा गायक समोर बसला की पहिलं विचारतो, पट्टी कुठली? बरेच जण म्हणतात, कुठलीही चालेल. कुठलीही चालत नाही.

आपण जो सूर सा धरतो, ती आपली पट्टी. पेटीवर दोन काळ्यांची जोडी शोधा. त्यातली डावीकडची काळी एक, उजवीकडची काळी दोन. पुढच्या तिघी तीन, चार, पाच. काळी एकच्या डावीकडची ती पांढरी एक. पुरुष साधारण पांढरी एक ते काळी दोनमध्ये गातात, बायका काळी चार-पाचला. पण हा नुसता अंदाज. गळा प्रत्येकाचा वेगळा.

आपली पट्टी संध्याकाळी शोधा; झोपेतून उठल्यावर आवाज खाली बसलेला असतो. पुरुषांनी काळी एकला सा धरून सावकाश मंद्र पंचमापर्यंत, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प पर्यंत, उतरावं. तिथे नुसती हवा निघते की सूर लागतो? मग वर तार गंधारापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ग पर्यंत, जा. आकार, म्हणजे नुसता 'आ', नको, 'विठ्ठल' म्हणा, कारण भजनात शब्द गायचे असतात. हनुवटी वर गेली, मान ताठली, 'ठ्ठ' किंचाळल्यासारखा आला, तर पट्टी एक सूर खाली घ्या. खालचा पंचम विरला तर एक सूर वर. बायकांनी हेच काळी चारपासून करावं. चार-पाच दिवस ताडून बघा, मगच पक्की करा.

आवडत्या गायकाची पट्टी उचलू नका, ही माझी कळकळीची विनंती. चांगले गळे त्यापायी बसलेले मी पाहिलेत.

पुरुष काळी एकला आणि बाई काळी चारला असेल, तर तिचा सा त्याचा पंचम होतो आणि त्याचा सा तिचा मध्यम, म्हणजे म. पंडित जसराजांची जसरंगी जुगलबंदी याच नात्यावर उभी आहे: दोघं आपापल्या पट्टीत, वेगवेगळे राग एकाच वेळी गातात. आपल्या भजनात मात्र सगळ्यांचा सा एकच, म्हणून जो मुख्य गाणार त्याचीच पट्टी धरावी.

चवथीच्या आरत्यांत हे कुणी बघत नाही. पहिलीच आरती टिपेला सुरू होते आणि तिसरीला निम्मे गप्प. दोन सूर खालून उचला, पोरंबाळंही शेवटपर्यंत म्हणतील.

वहीत प्रत्येक अभंगासमोर पट्टी लिहा. अंतरा फार वर जाणारा असेल तर नेहमीपेक्षा एक सूर खालची लिहा, त्यात कमीपणा नाही. आणि तबलेवाल्याला आदल्या दिवशीच कळवा. पावसात पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, आधीच सैल पडते. ऐनवेळी पट्टी दोन-तीन सुरांनी बदलली तर हातोडीने भागत नाही, दुसरा तबला काढावा लागतो.