फ्री थ्रो व्हायलेशन: शिट्टी फुंकण्याआधी या चुका टाळा

बास्केटबॉलचे नवीन रेफरी फ्री थ्रोला (फाउलनंतर मिळणारा, कोणी न अडवता मारायचा थ्रो) हमखास कुठे फसतात, तर कोणाचा पाय लवकर आत, म्हणजे बास्केटसमोरच्या लेनच्या चौकटीत, दिसला रे दिसला की लगेच शिट्टी. अरे थांबा जरा, बॉलचं काय होतंय ते तरी बघा! फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमात आधी चूक कोणाची आणि मग बॉल आत गेला का, एवढं बघितलं तरी निम्मा गोंधळ मिटतो.

शूटर सोडून दुसरा कोणीही, डिफेंडर असो नाहीतर शूटरचाच टीममेट, बॉल हातातून सुटायच्या आधी आत घुसला आणि बास्केट झाली, तर पॉइंट धरायचा आणि व्हायलेशन (नियमभंग) सोडून द्यायचं. टीममेट घुसला म्हणून पॉइंट रद्द करणारे बरेच दिसतात, अमेरिकन हायस्कूलच्या मॅचेस बघून ही सवय लागत असावी, कारण तिथे खरंच पॉइंट जातो.

बॉल गेला नाही तर मात्र हिशोब बदलतो. चूक डिफेंडरची असेल तर शूटरला परत एक थ्रो. शेवटच्या थ्रोला टीममेटची असेल तर समोरच्यांना फ्री थ्रो लाइनच्या सरळ रेषेत साइडलाइनवरून थ्रो इन (बाहेरून बॉल आत टाकणं), आणि दोन्हीकडचे घुसले असतील तर जंप बॉल सिच्युएशन, म्हणजे ॲरो (बॉल मिळायची पाळी कोणाची ते दाखवणारा बाण) बघा. दोनपैकी पहिल्याच थ्रोला टीममेट घुसला आणि थ्रो हुकला तर काही नाही, दुसरा थ्रो द्या आणि पुढे चला.

शूटरची गोष्टच वेगळी. 5 सेकंदात बॉल सोडला नाही, फेक (थ्रो मारायचं नुसतं नाटक) केला किंवा लाइनवर पाय पडला, तर बास्केट झाली तरी पॉइंट नाही; आणि बॉल बास्केटमध्येही गेला नाही, रिंगलाही लागला नाही, तर तीही त्याचीच चूक. आणि 5 सेकंद बॉल त्याच्या ताब्यात दिल्यापासून मोजायचे, त्याचं टप्पे मारणं संपल्यापासून नाही.

सगळ्यात जास्त सुटतं ते म्हणजे कोणी कधीपर्यंत थांबायचं. लेनच्या कडेला उभे असलेले रिबाउंडवाले (हुकलेला बॉल पकडणारे) बॉल सुटताच आत येऊ शकतात, पण शूटरने बॉल रिंगला लागेपर्यंत किंवा बास्केटमध्ये जाईपर्यंत लाइनला शिवायचं नाही, त्यामुळे शॉट मारून तोल पुढे गेला की त्याच्या बोटांकडे बघा, सगळे बॉलकडे बघत बसतात आणि नेमकं हेच निसटतं. लेनवर नसलेल्यांनीही थ्रो संपेपर्यंत थ्री पॉइंट लाइनच्या मागेच राहायचं.

लेनवर जास्तीत जास्त 5 जण, 3 डिफेन्सचे आणि 2 शूटरच्या टीमचे, हे बॉल द्यायच्या आधीच मोजून घ्या.