प्रतिजैविके चालू असताना इंटिमेट वॉश कसा वापरावा

बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे बीव्ही, या योनीतल्या जिवाणूंचे संतुलन बिघडण्याच्या तक्रारीवर औषध बहुधा बरोबरच लिहून दिलेले असते. बिघडते ते न्हाणीघरात. स्त्रीरोग विभागात परिचारिका म्हणून बरीच वर्षे काढल्यावर "गोळ्या संपल्या आणि वास परत आला" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता मी औषधाआधी अंघोळीची चौकशी करते.

पहिली पायरी म्हणजे बीव्हीच आहे याची खात्री करून घेणे. "अंगावरून पांढरे जाते" या एकाच वाक्यात आपण निरनिराळ्या तक्रारी कोंबतो. पातळ, करडट स्राव आणि माशासारखा वास, त्यातही संबंधांनंतर वाढणारा, हे बीव्हीचे लक्षण. दह्यासारखा घट्ट स्राव आणि असह्य खाज असेल तर बहुधा बुरशीचा संसर्ग असतो, आणि त्यावर प्रतिजैविक घेतल्यास तो उलट वाढू शकतो. निरोगी योनीचा पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण 3.8 ते 4.5 असतो, बीव्हीमध्ये तो 4.5 च्या वर जातो. डॉक्टर हे पाहतात आणि स्रावाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. म्हणून तपासणीच्या आदल्या दिवसापासून आत पाणी किंवा औषध जाऊ देऊ नये. खासगी दवाखाना परवडत नसेल तर सरकारी रुग्णालयातील सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक आणि प्रजनन मार्गाच्या संसर्गांसाठीच्या दवाखान्यात, जावे.

दुसरी पायरी सोपी आहे: औषध लिहून दिल्याप्रमाणे पूर्ण घ्यावे. आपल्याकडे बहुतेक वेळा मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक 400 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस दिले जाते. जेवणानंतर घेतल्यास मळमळ कमी होते, तोंडाला धातूसारखी चव येते ती नंतर जाते, आणि मद्य या काळात टाळावे.

आता खरी अडचणीची पायरी: धुणे. मराठीत आपण सगळ्या भागाला "खालची जागा" म्हणून मोकळे होतो, आणि त्यामुळे इंटिमेट वॉशच्या, म्हणजे ती जागा बाहेरून धुण्याच्या द्रवाच्या, बाटलीवरच्या "फक्त बाह्य वापरासाठी" या सूचनेला काही अर्थच उरत नाही. बाहेर दिसते ती त्वचा आणि भगोष्ठ, म्हणजे योनीमुखाच्या दोन्ही बाजूंच्या घड्या. योनी म्हणजे आतला मार्ग. वॉशचा संबंध फक्त पहिल्याशी आहे. आतला मार्ग स्वतःच स्वतःला स्वच्छ ठेवतो आणि त्याला कोणत्याही बाटलीची गरज नसते.

हे मला शिकवलेले होते, तरी मला स्वतःला बीव्ही झाले तेव्हा मीच ते मोडले. तिसऱ्या दिवशी वास पूर्ण गेला नव्हता. कामावर जायचे होते, जीव कानकोंडा झाला होता, म्हणून पाण्यात लॅक्टिक आम्लाचा वॉश कालवून मी हँड शॉवरने आतपर्यंत धुतले. हिशेब असा की योनी आम्लधर्मी, वॉशही आम्लधर्मी, म्हणजे मदतच होईल. सहा आठवड्यांत सगळे पुन्हा सुरू झाले. पुढे निवांतपणे विचार केला तेव्हा चूक लक्षात आली: आत आम्लता टिकवतात ते लॅक्टोबॅसिलस जिवाणू, आणि धुण्याने तेच वाहून जातात, उलट बीव्हीचे जिवाणू योनीच्या अस्तरावर चिकट थर करून बसतात, तो पाण्याने निघत नाही. वॉशमधले आम्ल थोड्याच वेळात निघून जाते आणि ते तयार करणारे जिवाणू मात्र आपण स्वतःच्या हाताने कमी केलेले असतात. तिसऱ्या दिवशीचा वास हा औषध हरल्याचा पुरावा नव्हे, त्याला वेळ द्यावा.

म्हणून दिवसातून एकदाच, कोमट पाण्याने, फक्त हाताने, पुढून मागे असे धुवावे आणि मऊ कापडाने टिपून कोरडे करावे. एवढे पुरते. वॉश वापरायचाच असेल तर सौम्य आणि बिनसुगंधी घ्यावा, हरभऱ्याएवढा हातावर घेऊन फक्त बाहेर लावावा आणि पूर्ण धुऊन टाकावा. अंगाच्या साबणापेक्षा तो त्वचेला बरा, कारण नेहमीचा साबण अल्कधर्मी असतो. पण "पीएच संतुलित" हे शब्द बाटलीवर आहेत म्हणून तो उपचार ठरत नाही, आणि गोळ्यांऐवजी वॉश देणारा दुकानदार तुमचे पैसे आणि आठवडा दोन्ही घालवतो. जंतुनाशक द्रव, तुरटीचे पाणी, कडुलिंबाचा काढा, लिंबू यांपैकी काहीही आत घालू नये. शेजारणीला गुण आला असला तरीही.

गोळ्यांऐवजी आत घालायचे जेल किंवा क्रीम दिले असेल तर आणखी एक सापळा असतो. क्रीम रात्री झोपताना घालतात, सकाळी त्यातले थोडे बाहेर येते, आणि ते घाण वाटून बायका आतून धुतात; म्हणजे औषधच धुऊन टाकतात. पॅड लावावे, बाहेरचे पुसावे, आत हात लावू नये. क्लिंडामायसिन या दुसऱ्या प्रतिजैविकाच्या क्रीममधील तेलाने कंडोम कमकुवत होतो, हा परिणाम औषध संपल्यावरही पाच दिवस धरावा.

लक्षणे गेली की पुन्हा तपासणीची गरज सहसा नसते. ताप, ओटीपोटात दुखणे किंवा गर्भारपण असेल तर मात्र घरी थांबू नये. गरोदरपणातील बीव्हीचा संबंध वेळेआधीच्या प्रसूतीशी आहे. बीव्ही वर्षभरात निम्म्याहून अधिक जणींना पुन्हा होते, तेव्हा उरलेल्या गोळ्या जपून ठेवून स्वतःच सुरू करू नयेत. वारंवार होत असेल तर नवऱ्यालाही डॉक्टरांकडे न्यावे: 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत पुरुष जोडीदारालाही गोळ्या आणि क्रीम दिल्यावर बारा आठवड्यांतील पुनरावृत्ती 63 टक्क्यांवरून 35 टक्क्यांवर आली.