मिररमधली लहान डिस्क काढून मोठी कशी लावायची (डेटा जागेवर ठेवून)

समजा घरच्या सर्व्हरवर झेडएफएसचा (डिस्कवरचा डेटा सांभाळणारी फाइल सिस्टिम) मिरर आहे, म्हणजे तोच डेटा दोन्ही डिस्कवर, एक डिस्क २ टीबीची आणि दुसरी ४ ची, कारण एक आधीच पडलेली होती आणि दुसरी नंतर सेलमध्ये मिळाली. मिररमध्ये जागा लहान डिस्कएवढीच मिळते, म्हणजे ४ वालीतले २ टीबी नुसतेच बसून आहेत. आता तुम्ही ८ ची आणलीत. २ वाली काढून ही लावली की जागा ४ होणार आणि पुढे कधी ४ वाली पण बदलली की ८. दोन्ही डिस्कचे पैसे एकदम घालावे लागत नाहीत, मला तरी मिरर याचसाठी आवडतो.

बरेच जण जुनी डिस्क उपसतात, तिच्या जागी नवी लावतात आणि रिप्लेस (जुनीच्या जागी ही नवी घे असं सांगणारी कमांड) मारतात. चालतं तसं, पण कॉपी होईपर्यंत सगळा डेटा एकाच डिस्कवर, ती पण जुनी, आणि नेमकी तेव्हाच तिच्यावरचं सगळं वाचलं जाणार. तेव्हाच तिने मान टाकली तर काय करणार? म्हणून जुनी आधी काढायचीच नाही. नवी तिसरी म्हणून जोडायची, कॉपी होऊ द्यायची, मग लहानीला बाहेर.

त्याआधी बॅकअप, वेगळ्या डिस्कवर. मिरर म्हणजे बॅकअप नाही हो, चुकून उडवलेलं फोल्डर दोन्हीकडून एकाच वेळी उडतं.

डिस्क घेताना सीएमआर (डेटाचे पट्टे सुटे सुटे लिहिणारी) आहे का ते डेटाशीटमध्ये बघा. एसएमआर (पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणारी) डिस्क सलग मोठं लिखाण आलं की रडतखडत चालते आणि कधीकधी पूलमधून, म्हणजे झेडएफएसने एकत्र बांधलेल्या डिस्कच्या संचातून, बाहेर फेकली जाते. २०२० मध्ये डब्ल्यूडी रेडच्या काही मॉडेलवरून यावरच गदारोळ झाला होता, त्यानंतर सीएमआरवाल्या रेड प्लस नावाने आल्या. नवी डिस्क जोडायच्या आधी स्मार्टची लाँग टेस्ट (डिस्कने स्वतःचीच केलेली पूर्ण तपासणी) लावा, ८ टीबीला अर्धा दिवस सहज जातो, जाऊ दे. रिअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) आणि पेंडिंग (संशयित) सेक्टर दोन्ही शून्य हवेत. सीआरसी एरर (डेटा ये-जा करताना झालेल्या चुका) वाढत असतील तर बहुतेक वेळा डिस्कचा नाही, केबलचा दोष असतो, ती बदलून बघा.

मग जुन्या पूलवर एक स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणं) मारा आणि झेडपूल स्टेटसमध्ये एरर नाहीत ना ते बघा. तिन्ही डिस्कचे सिरियल नंबर कागदावर लिहा आणि डिस्कवर पण चिकटवा. एसडीए, एसडीबी ही लिनक्सने डिस्कना दिलेली नावं रीबूटनंतर बदलू शकतात, त्यामुळे कमांडमध्ये बाय-आयडी वालं लांबलचक नाव, ज्यात सिरियल नंबर असतो, तेच वापरा.

आता मुख्य काम. कमांड आहे झेडपूल अटॅच, आधी पूलचं नाव, मग मिररमधल्या एका डिस्कचं आणि शेवटी नवीचं. अटॅच, ॲड नाही!! ॲड केलं तर नवी डिस्क मिररमध्ये न जाता शेजारी एकटी बसते, पुढचा काही डेटा फक्त तिच्यावर जातो आणि ती गेली की अख्खा पूल जातो. झेडएफएस तुम्हाला अडवतं, पण लोक वैतागून फोर्सचा फ्लॅग लावतात, तो लावू नका. ट्रूनॅसमध्ये (झेडएफएसवर चालणारी सर्व्हर प्रणाली) हेच काम एक्स्टेंड बटणाने होतं.

मग रिसिल्व्हर, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा कॉपी करणं, सुरू होतं. झेडएफएस फक्त भरलेला डेटा कॉपी करतं, रिकामी जागा नाही, त्यामुळे दीड टीबी असेल तर काही तासांचं काम. मध्येच लाईट गेली तरी परत आल्यावर पुढे चालू होतं, पण यूपीएस असलेला बरा. संपलं की पुन्हा स्क्रब.

स्क्रब स्वच्छ निघाला की २ वाली काढायची. डिटॅच (नुसती मिररमधून सोडवणं) करता येतं, पण मी स्प्लिट (सोडवून तिचा वेगळा पूल करणं) सुचवीन, जुन्या पूलचं नाव, नवीन पूलचं नाव आणि त्याच डिस्कचं नाव द्यायचं, नाहीतर ते आपल्या मनाने शेवटची डिस्क उचलतं. स्प्लिट केलेली डिस्क हा स्वतंत्र पूल होतो, झेडएफएस असलेल्या दुसऱ्या मशीनवर इम्पोर्ट करून उघडता येतो. डिटॅच केलेलीचं तसं सहज होत नाही.

जागा लगेच वाढलेली दिसली नाही तर घाबरू नका, ऑटोएक्सपांड (डिस्क मोठी झाली की पूल आपोआप वाढवणारी सेटिंग) बंद असणार. बंद असलेलंच बरं, कारण पूल एकदा वाढला की पुन्हा लहान डिस्क त्यात घेत नाही. दोनचार दिवस चालवून बघा, मग उरलेल्या दोन्ही डिस्कसाठी एकेकदा झेडपूल ऑनलाइन, मायनस ई लावून. ४ टीबीच्या जागी ३.६४ च्या आसपास दिसेल, डिस्कवाले हजाराने मोजतात आणि कॉम्प्युटर १०२४ ने, चोरी झालेली नाही.

तिसरा साटा पोर्टच नसेल तर नवी डिस्क तेवढ्यापुरती यूएसबी डॉकवर लावता येते, फक्त काही डॉक सिरियल नंबर लपवतात, ते आधी तपासा. तेही नसेल तर मग रिप्लेसचाच रस्ता, आणि तेव्हा बॅकअपमधल्या दोनचार फाइल उघडून बघितल्याशिवाय स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ नका.