गिटारचे फ्रेट बदलायच्या आधी या चुका टाळा

एप्रिल लागला की माझ्याकडे इलेक्ट्रिक गिटारी यायला लागतात आणि सोबत ठरलेलं वाक्य, "काका, फ्रेट गेलेत, नवे टाकून द्या." बहुतेक वेळा फ्रेट, म्हणजे नेकवर (दांडीवर) आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या, शाबूत असतात.

दुखणं न तपासता ऑपरेशन, ही पहिली चूक. मोकळी तार खरखरते पण पहिला फ्रेट दाबला की सूर स्वच्छ येतो, तर दोष नटचा, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांत बसतात त्या पट्टीचा. एकाच ठिकाणी बझ (खरखर) येतो, तर बहुधा त्याच्या पुढचा फ्रेट उठलाय, तेवढाच बसवा. बऱ्याच ठिकाणी बझ आला तर आधी ट्रस रॉड, म्हणजे नेकचा वाक कमी-जास्त करणारी आतली सळई, बघा. मी गिटार सुरात लावतो, पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावतो, शेवटचा फ्रेट बोटाने दाबतो आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखालची फट बघतो. दहा नंबरच्या तारांच्या सेटमधली पहिली, सगळ्यात बारीक तार 0.25 मिमी जाडीची असते. तिचा तुकडा त्या फटीतून जेमतेम सरकला की माझ्या लेखी नेक ठीक. रॉड एका वेळी पाव आटाच फिरवायचा, मग गिटार रात्रभर तशीच ठेवून सकाळी पुन्हा बघायचं. एवढा दम कुणाला निघत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

उदगीरकडचं एक पोरगं लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचं. बझ येतो म्हणून त्याने व्हिडिओ बघून लांब सपाट कानस आणली आणि सगळे फ्रेट घासले. रॉड ढिला, नेक नावेसारखी वाकलेली. सरळ कानस वाकलेल्या नेकवर फिरली की दोन्ही टोकांचे फ्रेट कापले जातात, मधले तसेच राहतात. पुढे कुणीतरी रॉड आवळून नेक सरळ केली आणि मधल्या फ्रेटचा उंटाच्या पाठीसारखा उंचवटा वर आला. माझ्याकडे गिटार आली तेव्हा पहिला फ्रेट जेमतेम 0.5 मिमी उरला होता, बेंड घेताना (तार बाजूला ताणून सूर चढवताना) तार बोटाखालून निसटायची. बावीसच्या बावीस काढावे लागले. सोल्डरिंग आयर्नने एकेक फ्रेट तापवायचा आणि तोंड सपाट घासलेल्या जंबुराने हळूहळू उचलायचा, तरी फ्रेटखालच्या रोजवूड लाकडाचे टवके उडालेच. ते चिकटवत बसलो. त्याचा मूळ बझ रॉडच्या पाव आट्यात गेला असता.

दुसरी चूक आपल्याकडच्या उन्हाळ्याची. मे महिन्यात हवा कोरडी होते, लाकूड रुंदीत आकसतं, धातूचा फ्रेट आहे तेवढाच राहतो. मग फ्रेटची टोकं काठाबाहेर येऊन तळहाताला खरवडतात. लोकांना वाटतं नेकच बाद झाली. त्यात गिटार रात्री कूलरसमोर आणि दुपारी पत्र्याच्या खोलीत. आधी तिला पंधरा दिवस एका जागी, पिशवीत बंद ठेवा. तरी टोचलं तर बारीक कानशीने फक्त टोकं गोल करा. अ‍ॅक्शनचा (तारा फ्रेटपासून किती उंच, याचा) शेवटचा निर्णय मी पाऊस स्थिरावल्यावरच घेतो.

फ्रेट खरंच कधी बदलायचे? पहिल्या तीन-चार फ्रेटवर तारांखाली खड्डे पडलेत आणि ते घासून सपाट केल्यावर 0.7 मिमीसुद्धा उंची उरणार नाही, तेव्हा. नवा मीडियम जंबो मापाचा फ्रेट साधारण 1.2 मिमीचा असतो, म्हणजे घासायला किती वाव आहे ते कळतं. खड्डे या पहिल्या काही फ्रेटवरच असतील तर तेवढेच बदलून चालतात.

ब्लॅकमोर, माल्मस्टीन या गिटारवादकांसारखा फ्रेटबोर्ड (फ्रेट बसतात ती लाकडी पट्टी) फ्रेटच्या मधोमध खोदून घ्यायचा हट्ट पहिल्या गिटारवर करू नका. काढलेलं लाकूड परत येत नाही. पॉलिश पेपरने नेक पातळ करणं त्याहून वाईट, आत ट्रस रॉडची खाच आहे. मेपलच्या बोर्डावर लॅकर असतो, तो कापल्याशिवाय फ्रेट उपटला तर पापुद्रे निघतात.

आणि स्वस्तातल्या, नेक चार स्क्रूंनी जोडलेल्या गिटारवर फ्रेट बदलायचा खर्च करण्याआधी अख्ख्या नव्या नेकचा भाव विचारा. फक्त स्केल (तारेची वाजणारी लांबी) मोजून घ्या. स्ट्रॅटसारख्या गिटारचं 648 मिमी असतं, लेस पॉलसारखीचं साधारण 628. मोजायचं नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत आणि त्याची दुप्पट करायची.