कोकणकिनाऱ्यावरचं वीकेंड घर: समुद्र कुठून दिसावा, वाट कुठून जावी

प्लॅन काढण्याआधी जागेवर नियमाची रेघ मारा. 2019 च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून दाट वस्तीच्या गावात 50 आणि विरळ वस्तीत 200 मीटरपर्यंत नवं घर सहसा बसत नाही. समुद्र इतका लांब गेल्यावर तो घरातून दिसणार किती, हा हिशेब फार थोडे जण करतात. किनारा 200 मीटरवर आणि डोळा पाण्यापासून 4 मीटर उंच असेल, तर काचेपासून 3 मीटरवर बसलेल्याला काचेवर समुद्राची जेमतेम 6 सेंटिमीटरची पट्टी मिळते. वरच्या मजल्यावर, 7 मीटर उंचीवरून, ती साडेदहा होते. म्हणून बैठक वर आणि झोपायच्या खोल्या खाली, हेच बरं.

क्षितिज कायम डोळ्याच्या पातळीत येतं. खुर्चीत बसल्यावर डोळा जमिनीपासून साधारण 1.15 मीटरवर असतो, उभं राहिल्यावर दीड मीटरच्या आसपास. नेमक्या या उंचीवर खिडकीची आडवी पट्टी किंवा कठड्याचा दांडा आला की समुद्र गेलाच. गॅलरीचा कठडा सुरक्षेसाठी उंच लागणारच. तेव्हा आतल्या बैठकीची जमीन तीन पायऱ्यांनी, म्हणजे 45 सेंटिमीटर, उचला. नजर दांड्यावरून निघून जाते. समोरची सुरूची झाडं तोडू नका, खालच्या फांद्या तेवढ्या छाटा.

फाटक, दार आणि समुद्र एका रेषेत ठेवायचा मोह होतो. तसं केलं तर पिशव्या खाली ठेवायच्या आतच सगळं बघून होतं, आणि पावसाळ्यात वारा घरातून आरपार जातो. पाखाडी (दगडी पायवाट) गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेने वळवून ओटीवर बाजूने आणा. समुद्र जिना चढल्यावर दिसू दे.

पुळणीवरून (किनाऱ्याच्या वाळूवरून) परतायची वाट वेगळी हवी, निदान 1.2 मीटर रुंद. तिच्यावर नळ, बसायला चिऱ्याचा कट्टा, खाली खडीचा शोषखड्डा आणि बाहेरून दार असलेली न्हाणी. पाय न्हाणीत धुतले तर वाळूने सांडपाण्याच्या नळीचा ट्रॅप तुंबतो, म्हणून नळ बाहेरच. ही वाट नसेल तर ओले पाय थेट बैठकीतून जातात.

आता खरी अडचण. डिसेंबरात सूर्य पश्चिमेच्या सुमारे 25 अंश दक्षिणेला मावळतो, म्हणजे सुट्टीच्या मोसमात बघायची दिशा नैर्ऋत्य. पावसाची झडही तिथूनच येते. त्या बाजूला निदान अडीच मीटर खोल पडवी द्या, फरशीला बाहेरच्या बाजूला 60 ला 1 असा उतार. संध्याकाळचं तिरपं ऊन पडवीला जुमानत नाही. त्यासाठी चिकाचे (बांबूच्या काड्यांचे) पडदेच. सरकती दारं टाळा, रुळात वाळू नि मीठ बसून ती अडकतात. त्याऐवजी बाहेर उघडणारी झडपं लावा, ती वाऱ्याने चौकटीवर आणखी घट्ट दाबली जातात. बिजागऱ्या पितळी किंवा 316 ग्रेड स्टेनलेस स्टीलच्या. घर आठवडेच्या आठवडे बंद राहणार, तेव्हा पूर्वेच्या भिंतीत छताजवळ जाळी ठेवा, नाहीतर गाद्यांना बुरशी धरते.