बांधावरच्या बाभळीचा घरचा कोळसा, डब्यात आणि ड्रममध्ये कसा पाडायचा

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकतो, वांग्याच्या भरतासाठी कोळसा पाडायची काही गरज नाही. हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी होते तेव्हा वांगी कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांवरच भाजतात आणि तेच बरोबर आहे, कारण वांग्याला भडका लागतो, साल झटकन करपली पाहिजे आणि गर तिच्या आत वाफेवर शिजला पाहिजे. पण आता त्याच पार्टीत पोरं चिकन लावतात, पनीर लावतात, कणसं-रताळी लावतात आणि हे सगळं काड्यांच्या जाळावर केलं की वरून काळं आतून कच्चं. तिथं पाहिजे शांत निखारा, तास-दीड तास एकसारखी धग देणारा, धूर न करणारा. तो बाभळीच्या चांगल्या कोळशातूनच मिळतो, आणि बाभूळ आपल्याकडे बांधाबांधावर आहे. मग पाकिटातला अर्धा चुरा निघणारा कोळसा विकत कशाला आणायचा.

मी गेली सहा-सात वर्षं मळ्यात घरापुरता कोळसा पाडतो. अवघड काही नाही, फक्त दोन गोष्टी लागतात, कडकडीत वाळलेलं लाकूड आणि झाकण न उघडण्याचा धीर.

आत नेमकं काय होतं ते समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं आपोआप लक्षात येईल. लाकूड उघड्यावर पेटवलं की शेवटी राख उरते कारण हवा भरपूर मिळते. तेच लाकूड हवा जवळजवळ बंद करून तापवलं तर आधी त्यातलं पाणी वाफ होऊन निघतं, मग साधारण २०० अंशांच्या पुढे लाकूड स्वतःच फुटायला लागतं, त्यातून जळणारा गॅस आणि डांबरासारखा चिकट पदार्थ बाहेर पडतो, आणि ४००-५०० अंशांपर्यंत गेलं की मागे उरतो तो जवळपास नुसता कार्बन. म्हणून कोळशाला धूर नसतो, धूर करणारं सगळं आधीच निघून गेलेलं असतं. आणि म्हणूनच किलोमागे धग पण जास्त, वाळलेल्या लाकडात किलोला ४००० किलोकॅलरीच्या आसपास असते तर चांगल्या कोळशात ७००० च्या जवळ. लाकूड जर ओलं असेल तर अर्धं लाकूड स्वतःलाच वाळवण्यात जळून जातं आणि हातात येते राख.

लाकूड कोणतं घ्यायचं. माझ्या मते गावठी बाभूळ एक नंबर, कोळसा जड पडतो, निखारा टिकतो. वेडी बाभूळ पण तितकीच चांगली, शेजारी गुजरातमध्ये कच्छकडे तर तिचाच कोळसा पाडायचा मोठा धंदा चालतो, आणि नाल्याकाठी माजलेली ती काढली तर कोणाचं काही नुकसान नाही, काट्यांपासून फक्त जपा. चिंच चांगली. आंब्याची छाटणी मिळाली तर चालते पण कोळसा हलका होतो, लवकर संपतो. कपाशीच्या काड्यांचा कोळसा पडतो पण तो हातातच चुरा होतो, त्याचं काय करायचं ते शेवटी सांगतो. केळीचे खांब कोणीतरी दरवेळी विचारतं, रावेर-यावलकडे त्यांचे ढीग पडलेले असतात म्हणून, पण त्यात नुसतं पाणी असतं, त्याचं खत करा. कण्हेर मात्र अजिबात नको, तिचं लाकूड पान फूल सगळं विषारी आहे. शेर, रुई असली चिकाची झाडं पण नको. रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड, जुन्या खिडक्या-दारं, पॅकिंगच्या पेट्या यातलं काही अन्न भाजायच्या कोळशात घालायचं नाही, रंगातलं आणि गोंदातलं विष जाळीवर येतं.

झाड तोडायचा विषय निघाला म्हणून सांगतो. उभं झाड पाडायचं असेल तर झाडतोडीचा १९६४ चा कायदा आहे, परवानगी लागते का ते आधी विचारून घ्या. आणि १९२७ च्या वन कायद्यात कोळसा हा वनोपजच धरलाय, मग तो जंगलातून आलेला असो की नसो, त्यामुळे गाडीत भरून विकायला न्यायचा विचार असेल तर वनखात्यात विचारल्याशिवाय निघू नका. मी फक्त बांधावरच्या छाटलेल्या फांद्या वापरतो आणि घरापुरताच पाडतो. सातपुड्यातल्या धावड्याचा कोळसा भारी असतो हे जुनी माणसं सांगतात, पण जंगलातल्या झाडाला पार्टीसाठी हात लावू नका.

फांद्या छाटल्या की मनगटाएवढ्या जाडीच्या ठेवायच्या, त्याहून जाड असेल तर कुऱ्हाडीनं उभ्या फोडायच्या, लांबी वीतभर. सगळे तुकडे जवळपास सारख्या जाडीचे पाहिजेत हे महत्त्वाचं आहे, नाहीतर बारीक तुकड्यांची राख होईपर्यंत जाड तुकडे आतून तपकिरीच राहतात. वाळवायची काळजी आपल्याला नाही, खान्देशातला एप्रिल-मे अंगणात मिळाला की बाभूळ हाडासारखी वाळते. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टणक आवाज आला पाहिजे आणि टोकाला चिरा पडलेल्या दिसल्या पाहिजेत. पावसाळ्यात पत्र्याखाली ठेवायचं आणि दिवाळीनंतर कोळसा पाडायचा. मे महिन्यात पेटवायचं नाही, तेव्हा वावटळी उठतात, रानात सगळं वाळलेलं असतं, एक ठिणगी उडाली तरी शेजाऱ्याचा कडबा जाईल.

आता पहिल्यांदा करणाऱ्यानं डब्यापासून सुरुवात करावी. १५ किलो तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या, वरचा पत्रा कापून घट्ट बसणारं झाकण करा, झाकणाला खिळ्यानं एकच भोक पाडा, पेन्सिल जाईल एवढं. रिकामा डबा एकदा जाळात टाकून काढा म्हणजे बाहेरचा रंग आणि आतलं तेल जळून जाईल. मग त्यात लाकडाचे तुकडे उभे, गच्च भरा, झाकण तारेनं बांधा. तीन विटांवर डबा ठेवून खालून आणि चारी बाजूंनी काड्या, गोवऱ्या, फालतू जळतण लावून मोठा जाळ करा. थोड्या वेळानं भोकातून पांढरी वाफ येते, मग पिवळट उग्र धूर, आणि मग तो धूर स्वतःच पेट घेतो, भोकातून गॅसच्या बर्नरसारखी ज्योत फुरफुरत निघते. हा लाकडातला गॅस. ही ज्योत चालू आहे तोवर आत काम चालू आहे. भोक बुजलं नाही ना ते बघत राहा, बुजलं तर आत दाब वाढतो आणि झाकण उडू शकतं, म्हणून डब्याच्या तोंडासमोर कोणी उभं राहायचं नाही, पोरांना तर लांबच ठेवा. तास-दीड तासानं ज्योत बारीक होत होत विझते. विझली की जाळ ओढून बाजूला करा, भोकावर ओल्या मातीचा गोळा दाबा आणि डबा तसाच रात्रभर ठेवा. सकाळी दोन-तीन किलो एक नंबर कोळसा मिळतो. डबा तीन-चार वेळा वापरला की पत्रा जळून भोकं पडतात, मग दुसरा घ्यायचा.

घरची चार-पाच माणसं असतील तर एवढं पुरतं. पण मळ्यात पंचवीस-तीस माणसांची पार्टी असेल तर २०० लिटरचा ड्रम पाहिजे.

ड्रम घेताना एकच गोष्ट बघा, आधी त्यात काय होतं. आपल्याकडे कपाशीमुळे फवारणीच्या औषधाचे आणि केमिकलचे ड्रम स्वस्तात मिळतात, ते कितीही धुतले तरी घेऊ नका. खाद्यतेलाचा घ्या, नाहीतर ऑइलचा घेऊन आधी चांगला दोन तास जाळून काढा, बूच आणि झाकण काढल्याशिवाय मात्र जाळात घालायचा नाही, बंद ड्रममध्ये वाफा साचलेल्या असल्या तर फुटतो. चकचकीत जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा पण नको, तो तापला की जस्ताची वाफ निघते आणि ती छातीला वाईट.

ड्रमचं वरचं तोंड पूर्ण उघडं करून घ्या, झाकण जपून ठेवा. तळाला जुन्या रुपयाएवढी पाच-सहा भोकं पाडा, वेल्डरकडे गेलात तर दहा मिनिटांचं काम. ड्रम तीन विटांवर, कडबा-गोठा-पाइपलाइन यापासून लांब, मोकळ्या जागेत. शेजारी पाण्याच्या दोन बादल्या आणि काळ्या मातीचा चिखल भरलेलं घमेलं तयार ठेवा, चिखलात थोडं शेण आणि भुसा कालवा म्हणजे तापल्यावर चिरत नाही.

तळाशी काड्या पेटवायच्या, त्या धडाडून पेटल्या की लाकडं थरानं टाकत जायची, एक थर पेटला की दुसरा, असं करत ड्रम काठापर्यंत भरायचा, माझ्या ड्रममध्ये पन्नास-साठ किलो बाभूळ बसते. वरचा थर पेटला की झाकण ठेवायचं पण एका बाजूला दोन बोटं फट ठेवून, म्हणजे धूर निघायला जागा राहते. आता खालच्या भोकांतून थोडी हवा येते, थोडं लाकूड जळतं आणि त्या धगीवर बाकीच्याचा कोळसा होतो.

आणि इथून पुढे मोबाईल खिशात ठेवायचा आणि धुराकडे बघायचं. माझे आजोबा जमिनीत खड्डा करून पालापाचोळा आणि माती टाकून कोळसा पाडायचे, त्यांच्याकडे ना ड्रम होता ना घड्याळ, ते एवढंच म्हणायचे, "धूर दखत ऱ्हाय." पहिला तासभर धूर पांढरा, दाट, दमट असतो, हात धरला तर ओला होतो, ही पाण्याची वाफ. मग तो पिवळट-करडा होतो, डोळ्यांना झोंबतो, डांबराचा वास येतो. हा टप्पा सगळ्यात लांब आणि याच वेळी लोक कंटाळून काहीतरी करून बसतात. लाकडं खाली बसली म्हणून वरून नवीन टाकू नका, ती कच्ची राहतील. एखाद्या भोकातून आत लालभडक दिसायला लागलं की ते भोक चिखलानं बंद करा, तिकडचं झालं. असं एकेक करत भोकं बंद होतात. तीन-साडेतीन तासांनी धूर पातळ होतो, निळसर होतो, झाकणाच्या लगेच वर तर दिसतच नाही, नुसती हवा थरथरताना दिसते. हीच वेळ. राहिलेली भोकं बंद, झाकण पूर्ण बंद, कडेनं जाड चिखल लिंपायचा, ड्रमच्या बुडाला माती लोटायची. कुठूनही धुराची रेघ दिसली तर तिथं अजून चिखल. पाच मिनिटं उशीर केला तर कोळसा जळायला लागतो, घाई केली तर धुरकट राहतो, पण दोन्हीत निवडायचंच असेल तर मी थोडा धुरकट पत्करतो, तो पुढच्या वेळी परत भाजता येतो, राखेचं काहीच करता येत नाही.

आता २४ तास हात लावायचा नाही. दुसऱ्या वर्षी मी संध्याकाळी ड्रम बाहेरून कोमट लागला म्हणून झाकण उघडलं, आत काळा चकचकीत कोळसा बघून खूश झालो, आणि बघता बघता मधला भाग लाल झाला आणि सगळा ड्रम पेटला, पाणी ओतून जे वाचलं ते चार किलो पण नव्हतं. बाहेरून गार लागला तरी मध्यात विस्तव असतो आणि त्याला फक्त हवा पाहिजे असते. दुसऱ्या दिवशी उघडल्यावर सुद्धा कोळसा लगेच गोणीत भरायचा नाही, ताजा कोळसा हवा शोषून घेताना पुन्हा गरम होऊन पेटू शकतो. उघड्या जागी पातळ पसरून अजून एक दिवस ठेवा, मगच गोणीत, आणि गोणी चाऱ्याच्या खोलीत नको.

साठ किलो लाकडातून मला बारा-तेरा किलो कोळसा मिळतो, पाचवा हिस्सा. पहिल्यांदा आठच मिळाला तर नाराज होऊ नका. चांगला कोळसा ओळखायचा आवाजावरून, फरशीवर टाकला की खणखणला पाहिजे. मोडला तर आत काळी चमक पाहिजे, तपकिरी गाभा दिसला तर कच्चा, तो पुढच्या भट्टीत टाका.

जाळीखाली लावताना रॉकेल-डिझेल अजिबात नको, सगळ्या चिकनला वास लागतो. खाली काड्यांची मूठ, वर कोळसा, आणि वीस-पंचवीस मिनिटं थांबा, निखाऱ्यावर राखेचा पांढरा थर आला की मग जाळी. किलोभर चिकनला मी दीड किलोच्या आसपास कोळसा धरतो. निखारे शेगडीत एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी ठेवा, आधी जास्त धगीवर रंग आणा मग कमी बाजूला सरकवून आतून शिजू द्या. बाभळीच्या कोळशानं बाभळीची चव येते असं म्हणतात ते मला पटत नाही, लाकडाचा वास तर भट्टीतच उडून गेलेला असतो, चव येते ती मसाला आणि चरबी निखाऱ्यावर टपकून जो धूर उठतो त्याची. म्हणून मॅरिनेटमध्ये आपला काळा मसाला आणि थोडं शेंगदाण्याचं तेल घाला, फरक कळेल.

एक गोष्ट मनापासून सांगतो. थंडीत रात्री पार्टी संपली की उरलेले निखारे घमेल्यात घेऊन खोलीत ठेवून झोपायची सवय आपल्याकडे आहे. करू नका. कोळसा धूर करत नाही पण कार्बन मोनॉक्साइड सोडतो, त्याला वास नसतो, रंग नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही. निखारे बाहेरच राहू द्या, नाहीतर घट्ट झाकणाच्या डब्यात टाकून विझवा, सकाळी तोच कोळसा परत वापरता येतो.

राहिला चुरा आणि कपाशीच्या काड्यांचा कोळसा. तो बारीक कुटून ज्वारीच्या पिठाच्या पातळ खळीत मळायचा, लाडूएवढे गोळे वळायचे आणि आठवडाभर उन्हात वाळवायचे. मोठ्या कोळशाइतकी धग देत नाहीत पण कणसं भाजायला आणि चहा ठेवायला मस्त चालतात. ड्रम झटकून, मातीची खपली काढून, पत्र्याखाली पालथा ठेवा म्हणजे पुढच्या दिवाळीपर्यंत तळ गंजत नाही.