घरच्या कॉकपिटमधून उडताय? मग उड्डाण सांगताना या चुका टाळा

रविवारी संध्याकाळी बेळगावच्या शहापुरात आमच्या माडीवर पाच-सहा जण जमतात. आठवडाभरात संगणकावरच्या विमानाच्या सिम्युलेटरवर कोण कुठं उडून आलं ते सांगायचं, जमलं तर रिप्ले दाखवायचा, चहा प्यायचा, आणि ज्याचं विमान आपटलं असेल त्यानं कुंदा, म्हणजे आमची बेळगावी मिठाई, आणायचा. तीन-चार वर्षं हे चाललंय. माणसं बदलली, चुका बदलल्या नाहीत. दर पावसाळ्यात एखादं नवीन पोरगं येतं आणि तीच चूक त्याच उत्साहानं करतं. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. यापुढं तोंड दुखवणार नाही, कागद हातात देणार.

उद्यमबागेत लेथवर माझी उमर गेली. माप न घेता बोलणाऱ्याशी माझं पटत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. खाली चिडचिड दिसली तर तिचं मूळ तिथं आहे.

उंची सांगता, पण कशापासूनची?

भाचा पहिल्यांदा आला तो तक्रार घेऊनच. "मामा, तुमची सिनरी खोटी आहे की ओ. काटा तीन हजार फूट दाखवतोय, आणि टिळकवाडीतली घरं अंगावर यायला लागलीत!"

सिनरी, म्हणजे सिम्युलेटरनं दाखवलेली जमीन आणि घरं, बरोबर होती. बेळगावचा सांबऱ्याचा विमानतळच समुद्रसपाटीपासून २४८७ फुटांवर आहे. अल्टिमीटर समुद्रापासूनची उंची सांगतो, त्याला टिळकवाडीशी देणंघेणं नाही. भाचा ज्याला तीन हजार म्हणत होता ते जमिनीपासून जेमतेम पाचशे फूट. पाचशे फुटांवरून घरं मोठी दिसणार नाहीत तर काय? गोव्यात दाबोळीवर हात बसवून आलेली पोरं इथं हमखास फसतात, कारण तिथला विमानतळ दोनशे फुटांच्या आत आहे. तिथं काट्यावर हजार म्हणजे जवळपास हजारच. तोच हिशेब घाटावर आणला की संपलं.

भाच्याला हसायचा मला हक्क नाही. याच चुकीचा दुसरा अर्धा भाग मी स्वतः करून बसलोय. जुलैचा महिना होता, सिम्युलेटरला खरं हवामान लावलेलं. दाबोळीहून सांबरा, सरळ रेषेत ५४ नॉटिकल मैल, छोटं सेसना १७२ विमान. चहा थंड व्हायच्या आत पोचू असं वाटलं. अल्टिमीटरला हवेचा दाब लावावा लागतो; त्यावर १०१३ हा प्रमाण आकडा होता, तोच राहू दिला. पावसाळ्यात आपल्याकडचा दाब उतरलेला असतो, त्या दिवशी १००३ च्या आसपास होता. एका हेक्टोपास्कलला सुमारे २८ फूट धरा. दहाचा फरक म्हणजे २८० फूट, आणि तेही उलट्या बाजूला: काटा जास्त दाखवतो, विमान खाली असतं.

ढग खाली आले म्हणून मीही खाली आलो. काट्यावर २९०० होते. मनात म्हटलं, सांबरा २४८७, वर चारशे फूट शिल्लक आहेत, भागेल. कणकुंबीच्या आसपास पांढऱ्या धुरात एकदम हिरवं काहीतरी समोर आलं आणि पडदा थांबला. काटा २९०० म्हणत होता तेव्हा मी खरा २६०० च्या घरात होतो, आणि घाटमाथ्याची जमीनही तिथंच होती. शिवाय सांबऱ्याची उंची धरून घाट ओलांडायचा हा हिशेबच चुकीचा. वाटेतला सगळ्यात उंच डोंगर धरायला हवा होता.

खरी लाज पुढं गेली. रविवारी मी तावातावानं सांगितलं की सिम्युलेटरनं डोंगर चुकीच्या जागी बसवलाय. आमच्यात एक काका येतात, हवाई दलातून निवृत्त झालेले. सांबऱ्याला हवाई दलाची प्रशिक्षण संस्था आहे, त्यामुळं असे जाणते लोक बेळगावात भेटतात. काका कपातला चहा संपेपर्यंत गप्प होते. मग एवढंच विचारलं, "क्यूएनएच किती लावला होतास?" म्हणजे अल्टिमीटरला लावायचा तो दाबाचा आकडा. मी डोंगराकडं बोट दाखवत राहिलो. ते म्हणाले, "डोंगर आहे तिथंच आहे रे. आकडा सांग." आकडा माझ्याकडं नव्हता. कुंदा मी आणला, अर्धा किलो.

तेव्हापासून शंभर पानी वही ठेवलीय. इंजिन सुरू करायच्या आधी चार गोष्टी पेन्सिलनं लिहितो: धावपट्टी, वारा, क्यूएनएच आणि वाटेतला सर्वांत उंच डोंगर. डोंगराच्या आकड्यात हजार फूट मिळवायचे, त्याच्या खाली उतरायचं नाही, ढग काहीही म्हणोत. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये 'बी' दाबलं की अल्टिमीटर आपोआप त्या वेळच्या दाबाला लागतो. दाबायला माझी ना नाही. पण आकडा डोळ्यांखालून जात नाही, आणि रविवारी विचारलं की एकमेकांची तोंडं बघत बसायचं. मी नॉब फिरवतो. दहा सेकंद जातात, जाऊ देत.

लँडिंगच सांगणं, आणि तेही वारा गाळून

हल्ली पोरांना एकच आकडा पाठ असतो: चाकं टेकली तेव्हा विमान मिनिटाला किती फुटांनी खाली येत होतं. "साठ फूट, दादा! लोण्यासारखं!" बरं. धावपट्टी कुठली? माहीत नाही. वारा? माहीत नाही. वेग? "हिरव्या पट्ट्यात होता." म्हणजे वेगाच्या काट्याच्या.

लोण्यासारख्या लँडिंगचं खूळ कुठून आलं कळत नाही. सेसना धावपट्टीच्या तोंडाशी ६५ नॉटनं आणायची असते. ही पोरं ८० नं आणतात, मग ती जमिनीवर दोन हात तरंगत राहते, अर्धी पट्टी मागं पडते, शेवटी दमून बसते. अर्थात हळू बसते! सांबऱ्याची पट्टी २३०० मीटर आहे, म्हणून चुका खपून जातात. तेवढ्यात दोनदा उतरता येईल.

कोल्हापूरला मात्र एकाची गंमत झाली. आमचा गोकाककडचा दोस्त, घरी कन्नड, आमच्यात मराठी. त्यानं तिथल्या उजळाईवाडी विमानतळावरचं लँडिंग असं रंगवून सांगितलं की आम्ही चहा हातात धरून ऐकत होतो. रिप्ले लावला. पट्टी ०७, म्हणजे पूर्वेकडं तोंड करून घेतलेली, आणि वारा पश्चिमेचा, आठ नॉट. म्हणजे पाठीवर वारा घेऊन उतरलेला. सेसनाच्या पुस्तिकेत सरळ लिहिलंय: पाठीवरच्या वाऱ्याच्या दर दोन नॉटला लागणारं अंतर दहा टक्के वाढवून धरा. आठ नॉट म्हणजे चाळीस टक्के. रिप्लेत विमान पट्टी संपवून गवतात शिरलं आणि याचं चित्र बरोब्बर त्याच्या आधी थांबवलेलं होतं! "पुढचं दाखव की," आम्ही म्हणालो. तो म्हणाला, "साकु साकु (पुरे पुरे), चहा थंड होतोय."

गवतात गेलेलं सांगायला लाज कसली? ऐकायचं तर तेच असतं. त्या दिवशी आम्ही पाऊण तास फक्त त्या वाऱ्यावर बोललो. त्याला २५, म्हणजे तीच पट्टी पश्चिमेकडं तोंड करून, घ्यायला हवी होती, हे त्याचं त्यालाच मधेच उमगलं. गुळगुळीत लँडिंगवर दोन मिनिटं "वा" म्हणण्यापलीकडं कोण काय बोलणार?

आपल्या भागात पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, त्यामुळं सांबऱ्याला ०८ आणि २६ यांत बहुतेक वेळा २६. पण "बहुतेक" वर जाऊ नका. वाऱ्याचा आकडा ऐका आणि वहीत लिहा.

दूधसागर खालून वर बघायला जाणं

प्रत्येक नवीन माणसाला दुसऱ्या आठवड्यात दूधसागर करायचा असतो. स्वाभाविक आहे, ३१० मीटरचा धबधबा, मधून रेल्वेचा पूल. पण जातात गोव्याच्या बाजूनं, दरीतून, धबधब्याकडं तोंड करून. दरी अरुंद होत जाते, समोरचा डोंगर विमानाच्या चढण्यापेक्षा वेगानं उंच होत जातो. मग वळायचं ठरवतात. ९० नॉट वेग आणि ३० अंश कल असेल तर वळणाची त्रिज्या साधारण ३८० मीटर येते. उलटं फिरायला पाऊण किलोमीटरहून जास्त रुंदी हवी, आणि ती दरीच्या मध्यातून नाही मिळत. घाबरून नाक वर ओढतात, वेग जातो, विमान पडतं, कुंदा येतो.

कॅसलरॉककडून या. उंचावरून, उतरत, गोव्याकडं तोंड करून. काही बिघडलं तरी पुढं जमीन खालीच जात असते. आणि दरीत एका कडेला चिकटून उडा म्हणजे वळायला उरलेली सगळी रुंदी मिळते. मधोमध उडण्याची सवय रस्त्यावरच्या माणसाची.

एक बारकावा. तिथं जुलैचे ढग लावले म्हणून खाली जुलै येत नाही. जमीन म्हणजे उपग्रहाचा फोटो, तो ज्या महिन्यात काढला त्याच महिन्यातली. वर धो धो पाऊस आणि खाली उन्हाळ्यातलं तपकिरी रान, असं चित्र दिसलं तर सिम्युलेटरला शिव्या घालू नका.

पहिल्याच आठवड्यात बोईंग

यावर मी बोललो की म्हातारा म्हणतात. म्हणू देत. एक पोरगं चौथ्या दिवशी सांगायला लागलं, "मी दुबईला गेलो." कसा गेलास? ऑटोपायलट लावला, वेळेचा वेग सोळापट केला, जेवून आलो. मग तू दुबईला गेला नाहीस, तू जेवलास.

दुसरा प्रकार लुकलावाल्यांचा. नेपाळातली ५२७ मीटरची पट्टी, २८४५ मीटर उंचीवर, जवळजवळ बारा टक्के चढ. चढाच्या बाजूनं उतरायचं, उताराच्या बाजूनं उडायचं, समोर भिंत. फोटो छान येतात. पण ज्याला सांबऱ्याच्या २३०० मीटरमध्ये ठरवलेल्या जागी चाकं टेकवता येत नाहीत, त्यानं तिथं पन्नास वेळा आपटून एकावन्नाव्या वेळचा फोटो आणायचा, यात आम्ही बघायचं काय? सेसनानं सांबरा ते सांबरा दहा फेऱ्या मारा. कंटाळा येतो, मान्य. लेथवर पहिलं वर्ष मीही फक्त फेसिंग मारत होतो, म्हणजे तुकड्याचं तोंड सपाट करत होतो.

मे महिना विसरणं

हे थोडक्यात सांगतो, पण फसवं आहे. २४८७ फुटांवर प्रमाण तापमान दहा अंश धरलेलं असतं. मेमध्ये ३५ असलं की हवा एवढी विरळ होते की विमानाला आपण साडेपाच हजार फुटांवरून उडतोय असं वाटतं. समुद्रसपाटीला मिनिटाला ७३० फूट चढणारी सेसना इथं तेवढी चढत नाही. "जॉयस्टिक बिघडली" म्हणून माझ्याकडं दोघं जण आले होते. जॉयस्टिक ठणठणीत होती. सकाळी सहाची वेळ लावून उडा, फरक कळेल. आणि वजन बघा: चार माणसं, टाकी फुल्ल, वर मे महिना, असं करू नका.

उरलेल्या चिल्लर चुका

वेग सांगताना नॉट की किलोमीटर ते बोला. १२० नॉट म्हणजे २२२ किलोमीटर. "एकशे वीसनं चाललो होतो" असं म्हटलं की मला बस आठवते.

"सूर्योदयाचं उड्डाण" दाखवताना झुलू वेळ (ग्रीनिचची, विमानवाल्यांची वेळ) आणि आपली वेळ यात साडेपाच तासांचं अंतर आहे हे लक्षात ठेवा. एकानं सहा वाजता म्हणून दाखवलेला सूर्योदय भर दुपारचा निघाला.

जुन्या सिम्युलेटरमध्ये सांबरा शोधताना व्हीओबीएम हा विमानतळाचा कोड टाकून मिळाला नाही तर व्हीएबीएम टाकून बघा. कोड बदललाय, गाव तेच आहे.

खेड्यातल्या इंटरनेटवर जमीन मेणासारखी वितळलेली दिसते, कारण ती नेटवरूनच येत असते. ज्या भागात उडायचं तो आदल्या रात्री डाउनलोड करून ठेवा. खानापूरचा आमचा मित्र तसंच करतो.

सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये आपटणं बंद करून उडत असाल तर आधी सांगा. नंतर कळलं की कुंदा दुप्पट.

आणि यूपीएस घ्या. सांबऱ्याच्या शेवटच्या दोन मैलांवर, चाकांखाली पट्टी दिसायला लागली की आमच्या गल्लीतली लाईट जाते. पहिल्या पावसात तर नक्कीच. काका म्हणतात, इंजिन बंद पडल्याचा सराव म्हणून धर. काका, अहो, इंजिन बंद पडलं तर पडदा तरी चालू असतो की.